पिळाखाली मऊ निघालेला कार्बन दांडा: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

एका यंत्रात दोन चौकटींना जोडणारा सपाट दांडा होता. एक चौकट स्थिर, दुसरी डुलणारी. दांड्याचे काम एकच, डुलणाऱ्या चौकटीला पिळातून विरोध करायचा. वाकवणारा भार शेजारची बेअरिंग घेत होती, त्यामुळे दांड्याला वाकण्यासाठी वेगळी अट नव्हती. ओळख लपवण्यासाठी यंत्राचा प्रकार इथे वगळला आहे आणि मोजणीचे आकडे गोल केले आहेत. गणित मात्र वाचकाला स्वतः करून पाहता येईल इतके दिले आहे.

मूळ दांडा ॲल्युमिनियमचा, ५० मिमी रुंद आणि १० मिमी जाड. ॲल्युमिनियमचा शिअर मॉड्युलस, म्हणजे सरकवणाऱ्या भाराला पदार्थ किती विरोध करतो याचे माप, २६ गिगापास्कल. आयताकृती छेदासाठी सेंट-व्हेनाँच्या १८५५ च्या सिद्धांतातून आलेला तक्ता सगळ्या पाठ्यपुस्तकांत असतो. रुंदी जाडीच्या पाचपट असेल तर त्यातला गुणांक ०.२९१. मॉड्युलस, रुंदी, जाडीचा घन आणि हा गुणांक यांचा गुणाकार केला की पिळाचा ताठपणा ३७८ न्यूटन-वर्गमीटर येतो. म्हणजे प्रत्येक मीटर लांबीमागे एक रेडियन पीळ बसायला लागणारा टॉर्क. यापुढे एकक न लिहिता नुसता आकडा देतो.

हा ताठपणा कमी पडत होता. पिळाची नैसर्गिक वारंवारता मोटरच्या फिरण्याच्या वारंवारतेच्या फार जवळ येत होती. ती वर ढकलायला किमान ५०० चा ताठपणा हवा होता. शिवाय वजन वाढवायचे नव्हते, जमल्यास कमीच करायचे होते. म्हणून कार्बन-इपॉक्सीचा, म्हणजे इपॉक्सी रेझिनमध्ये बसवलेल्या कार्बन तंतूंचा, विचार पुढे आला.

एकाच दिशेच्या तंतूंचा नेहमीचा कार्बन-इपॉक्सी घेतला तर तंतूंच्या दिशेने मॉड्युलस सुमारे १३५ गिगापास्कल, आडव्या दिशेने ९ आणि शिअरमध्ये जेमतेम ५. हेच थर आळीपाळीने अधिक ४५ आणि उणे ४५ अंशांत रचले की थरांच्या प्रतलातला शिअर मॉड्युलस जवळजवळ ३५ गिगापास्कलवर जातो. कारण ४५ अंशांत शिअर म्हणजे तंतूंच्या एका संचाला ओढ आणि दुसऱ्याला दाब, आणि तंतू ते सहज पेलतात. ॲल्युमिनियमपेक्षा तिसरा हिस्सा जास्त मॉड्युलस, आणि घनता २.७ च्या जागी साधारण १.६. कागदावर प्रश्न सुटल्यासारखाच होता.

दांड्याचा आकार तोच ठेवला. ०.१२५ मिमीचे ८० थर, सममित रचना, सगळे ±४५. क्लासिकल लॅमिनेट सिद्धांतानुसार, म्हणजे थरांच्या गुणधर्मांवरून पूर्ण पट्टीचा हिशेब करण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, पिळाचा ताठपणा ५८२ आला. पडताळणीसाठी फायनाईट एलिमेंट मॉडेल केले, म्हणजे संगणकावर दांड्याचे छोटे तुकडे पाडून हिशेब केला; त्यात तुकड्यांसाठी पातळ पत्र्यासारखे शेल एलिमेंट वापरले. उत्तर ५८० च्या आसपास. दोन्ही पद्धती जुळल्या, अटीपेक्षा १६ टक्के मोकळीक मिळाली, आणि पहिली तुकडी बनवायला दिली.

अडचण

नवा दांडा बसवून यंत्र चालवले तेव्हा पिळाची वारंवारता सुमारे २४ टक्क्यांनी वर जायला हवी होती. ती हललीच नाही. वजन चाळीस टक्क्यांनी घटले होते, पण ताठपणाच्या बाबतीत महागडा कार्बन दांडा जुन्या ॲल्युमिनियमच्या दांड्याइतकाच निघाला, किंबहुना थोडा कमीच.

दांडा सोडवून पिळाच्या चाचणी यंत्रावर चढवला. पहिले उत्तर आले ३४० च्या जवळपास. त्यासाठी मोजलेले कोन यंत्राच्या दोन जबड्यांमधले होते, म्हणजे जबड्यांतली सरकही त्यात मोजली जात होती. मग दांड्यावरच दोन ठिकाणी हलके बाहू चिकटवून त्यांच्यामधला कोन मोजला. ताठपणा ३५८ झाला. सुधारणा झाली, पण ५८२ आणि ३५८ मधली दरी जबड्यांच्या माथी मारता येईना.

पहिल्या शंका, आणि त्या कशा गळल्या

अशा वेळी पहिले बोट कार्यशाळेकडे जाते. इथेही गेले. तीन शंका निघाल्या आणि तिन्ही तपासण्याजोग्या होत्या.

पहिली शंका, थर वाकडे बसले. ४५ ऐवजी ४० किंवा ५० अंशांत. ही शंका गणितानेच निकाली निघते. ±४५ च्या आसपास शिअर मॉड्युलसचा आलेख माथ्यावर सपाट असतो. पाच अंशांची चूक झाली तर मॉड्युलस तीन टक्क्यांच्या आत घटतो, दहा अंशांची झाली तरी दहाएक टक्के. ३८ टक्के घट व्हायला थर इतके वाकडे लागतील की ते नुसत्या डोळ्यांना दिसतील. ही आकडेमोड पाच मिनिटांची होती, तरी एक नमुना कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात वेळ गेला. थर जागच्या जागी होते.

दुसरी शंका, तंतूंचे प्रमाण कमी, रेझिन जास्त. पण तसे असते तर ८० थरांची जाडी १० मिमीवर थांबली नसती, ती फुगली असती. जाडी आणि वजन दोन्ही बरोबर होते.

तिसरी शंका जास्त गंभीर होती आणि तिने सगळ्यांना थांबवून विचार करायला लावला. नोंदवहीत थर आळीपाळीने घातल्याचे लिहिले होते. पण हाताने ८० थर लावताना वेळ वाचवायला एकाच दिशेचे थर गठ्ठ्याने लावण्याचा मोह होतो. समजा बाहेरच्या बाजूला +४५ चे वीस थर एकत्र आणि आत −४५ चे वीस, आरशातल्यासारखे दोन्हीकडे. एकूण थर तेच, प्रतलातले गुणधर्म तेच, पण आता पीळ आणि वाकणे एकमेकांत गुंततात. पिळले की दांडा वाकायला लागतो आणि मोकळा सोडला तर पिळाला कमी विरोध करतो. वरचेच मॉड्युलस घालून हिशेब केला तर अशा गठ्ठा रचनेत ताठपणा चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. मोजलेली घट ३८ टक्के. आकडा संशयास्पद जवळ होता.

हा या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा टप्पा होता असे मला वाटते. आकडा जुळतो आहे, जबाबदार कोण हेही सांगता येते आहे, आणि कार्यशाळेला फक्त थर नीट लावायला सांगून विषय मिटतो. तसे केले असते तर दुसरी तुकडीही तशीच मऊ निघाली असती.

निर्णायक चाचणी

एका अभियंत्याने सुचवले की शंकेतून निघणारी दुसरी एखादी गोष्ट तपासू, जी फक्त त्याच शंकेत खरी असेल. गठ्ठा रचना असेल तर नुसते वाकवल्यावरही दांडा पिळला पाहिजे. दांडा एका टोकाला घट्ट धरला, दुसऱ्या टोकाला मधोमध वजन टांगले, आणि टोकाच्या दोन कडांची खाली जाण्याची मापे घेतली. दोन्ही कडा सारख्याच खाली गेल्या. पीळ जवळपास नव्हताच.

पॉलिश केलेल्या नमुन्यात काही ठिकाणी दोन-दोन थर एकाच दिशेचे लागलेले दिसले होते. त्याचाही हिशेब केला. पूर्ण दांडा जरी असा जोड्यांनी रचला तरी गुंतणुकीमुळे होणारी घट अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. बारीक आळीपाळीच्या रचनेत बाहेरच्या एका थराचे पारडे जड होते, पण ८० थरांत ते नगण्य ठरते. कार्यशाळा निर्दोष सुटली.

मग उरले काय? इथे चर्चेला वेगळे वळण मिळाले. जुने हिशेब पुन्हा काढले तेव्हा लक्षात आले की ॲल्युमिनियमच्या दांड्यासाठी गुणांक ०.२९१ घेतला होता आणि कार्बनच्या दांड्यासाठी एक तृतीयांश. आकार तोच, पण सूत्रे दोन. क्लासिकल लॅमिनेट सिद्धांत दांड्याला अनंत रुंद पातळ पट्टी मानतो, म्हणून त्यात एक तृतीयांश आपोआप येतो. मॉड्युलस ३४ टक्क्यांनी वाढला असताना ताठपणा ५४ टक्क्यांनी वाढल्याचे पहिल्याच अहवालात छापले होते. हा विसंवाद त्या वेळी कोणी विचारला नाही. नुसता गुणांक सारखा केला तरी अपेक्षा ५०८ वर येत होती. मोकळीक १६ टक्क्यांवरून दीड टक्क्यावर.

पण ५०८ म्हणजेही ३५८ नव्हे. रुंदीचा परिणाम धातूपेक्षा लॅमिनेटमध्ये जास्त असेल का, हा प्रश्न तिथून निघाला. त्याची चाचणी सोपी होती, वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या पिळायच्या. गठ्ठा रचनेमुळे होणारी घट मुख्यतः थरांच्या क्रमावर ठरते, रुंदीवर नाही. कडांमुळे होणारी घट मात्र रुंदीप्रमाणे बदलली पाहिजे. त्याच जाडीच्या मोठ्या फळीतून २५, ५० आणि १०० मिमी रुंदीच्या पट्ट्या कापल्या.

लॅमिनेट सिद्धांताच्या तुलनेत १०० मिमीची पट्टी ८० टक्के ताठ निघाली, ५० मिमीची ६२ टक्के, आणि २५ मिमीची अवघी ३४ टक्के. फळी एक, साचा एक, क्युअरिंग (रेझिन पक्के करणे) एक. फरक फक्त रुंदीचा.

गणित कुठे घसरले

आयताकृती छेद पिळला की शिअरचा प्रवाह छेदाच्या आत गोल फिरतो. वरच्या पृष्ठभागाजवळ एका दिशेने जातो, खालच्याजवळ उलट, आणि दोन्ही अरुंद बाजूंना वळून उभा होतो. वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाजवळचा प्रवाह थरांच्या प्रतलात असतो, त्याला ±४५ चे तंतू ३५ गिगापास्कलने विरोध करतात. कडांपाशी तोच प्रवाह थरांना ओलांडून जाडीतून जातो. तिथे तंतू कामाला येत नाहीत, कारण कुठलाच तंतू जाडीच्या दिशेने धावत नाही. थर एकमेकांवर सरकू पाहतात, पत्त्यांचा कॅट पिळल्यावर पाने सरकतात तसे, आणि त्यांना अडवायला मधले रेझिनच असते. या जाडीतल्या शिअरचा मॉड्युलस ±४५ रचनेत साधारण ४ गिगापास्कल असतो.

३५ आणि ४. धातूत हे दोन्ही आकडे सारखेच असतात, म्हणून धातूच्या सवयीत हा प्रश्न डोक्यात येत नाही.

दिशेगणिक गुणधर्म बदलणाऱ्या पदार्थांवरील लेख्नित्स्की यांच्या कामात याचे नेमके उत्तर आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. सेंट-व्हेनाँचेच समीकरण राहते, फक्त रुंदीची मोजपट्टी बदलते. जाडीतला मॉड्युलस भागिले प्रतलातला मॉड्युलस, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याने रुंदीला गुणा. इथे ४.१ भागिले ३४.९, वर्गमूळ ०.३४. म्हणजे ५० मिमी रुंदीचा हा दांडा गुणांकाच्या तक्त्यात शोधताना १७ मिमी रुंद समजायचा. रुंदी आणि जाडीचे गुणोत्तर पाचवरून १.७ वर येते, आणि गुणांक ०.२९१ वरून ०.२१ वर. ताठपणा ३६९. मोजलेला ३५८.

तीन पट्ट्यांसाठी हाच हिशेब ८२, ६३ आणि ३६ टक्के देतो. मोजलेले आकडे प्रत्येक वेळी थोडे खाली, पण त्याच ओळीत. २५ मिमीच्या पट्टीत प्रभावी रुंदी जाडीपेक्षाही कमी होते. तिथे एक तृतीयांशातून कडांसाठी वजावट करणारे सोपे सूत्र चालत नाही, पूर्ण श्रेणी किंवा रुंदी-जाडीची अदलाबदल करून वाचलेला तक्ता लागतो. रुंद पट्ट्यांसाठी सोपे सूत्र पुरते.

आता फायनाईट एलिमेंट मॉडेलने हे का दाखवले नाही, हा प्रश्न रास्त होता. मॉडेलमध्ये पातळ शेल एलिमेंट निवडले होते. किर्चहॉफच्या गृहीतकावर चालणाऱ्या एलिमेंटमध्ये जाडीतली शिअर विकृती शून्यच धरतात. लॅमिनेट सिद्धांताचेही तेच गृहीतक. म्हणजे कागदावरचा हिशेब आणि संगणकावरचा हिशेब ही दोन स्वतंत्र मते नव्हती. एकच मत दोनदा मोजले गेले होते, आणि अहवालात त्याला पडताळणी असे नाव दिले होते. माझ्या मते या प्रकरणातला खरा निर्णयबिंदू तुकडी बनवण्याच्या आधीचा हाच आहे, दांडा मऊ निघाल्यानंतरचे काहीही नाही.

जाडीतला शिअर धरणारे एलिमेंट, म्हणजे राइसनर (१९४५) आणि मिंडलिन (१९५१) यांच्या प्लेट सिद्धांतांवर आधारलेले, वापरले तेव्हा तेच मॉडेल ३७० वर आले. त्यात दोन अटी पाळाव्या लागल्या. एक, जाडीतले दोन्ही शिअर मॉड्युलस खरे भरायचे. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात त्यातला एक नव्हता, तो रुंदीच्या चाचणीतून काढला. दोन, जाळी रुंदीत बारीक हवी. कडांचा परिणाम प्रत्येक बाजूने आत ९ मिमीच्या अंतरात साधारण एक तृतीयांशावर येतो. आधीच्या जाळीत रुंदीत चारच एलिमेंट होते, प्रत्येक साडेबारा मिमीचा, म्हणजे बहुतेक परिणाम एका एलिमेंटच्या पोटात गेला असता. दोन मिमीची जाळी घेतल्यावर उत्तर स्थिरावले.

जाता जाता ताकदीचाही विषय निघाला. दोन पट्ट्या मुद्दाम तुटेपर्यंत पिळल्या. भेग वरच्या किंवा खालच्या पृष्ठभागावर सुरू झाली नाही. ती अरुंद बाजूवर, जाडीच्या मधोमध सुरू झाली आणि लांबीच्या दिशेने थरांमधून पळत गेली. हिशेबही तेच सांगतो. २०० न्यूटन-मीटर टॉर्कला रुंद पृष्ठभागावर प्रतलातला शिअर ताण सुमारे १७० मेगापास्कल येतो आणि कडेच्या मध्यावर जाडीतला सुमारे ४७. पहिला आकडा मोठा दिसतो, पण तो तंतू उचलतात. दुसरा छोटा असला तरी तो रेझिनच्या वाट्याला येतो, आणि रेझिनची मर्यादा आधी तोच गाठतो.

पर्याय

चौकटींमधल्या जागेत जास्तीत जास्त १४ मिमी जाडी बसत होती, आणि रुंदी थोडीफार वाढवता येत होती.

भरीव दांडा रुंद करणे हा पहिला पर्याय. ६५ मिमी रुंदीला ५४३ मिळतात, वजन तीस टक्क्यांनी वाढते. दुसरा, भरीवच पण १२ मिमी जाड: ५७१, वजन वीस टक्के जास्त. हा पर्याय बऱ्याच जणांना आवडला होता, कारण साचा तोच, पद्धत तीच, आणि जाडीच्या घनाचा फायदा. त्याच्या विरोधात दोन मुद्दे होते. जाडी वाढवली की रुंदी-जाडीचे गुणोत्तर आणखी घसरते, म्हणजे दर मिलिमीटरमागे मिळणारा फायदा लॅमिनेट सिद्धांताने वाटतो तेवढा नसतो. त्या सिद्धांताने १२ मिमीला हजारावर आकडा दिला होता! आणि कडेवरची कमजोर जागा तशीच राहते.

तिसरा पर्याय प्रश्नाच्या मुळाशी जाणारा होता. शिअरचा प्रवाह कडेला वळतो तिथे त्याला तंतू द्यायचे. म्हणजे थर सपाट न रचता छेदाभोवती गुंडाळायचे. बंद, पोकळ छेद केला की प्रवाह भिंतीच्या प्रतलातच फिरतो, कोपऱ्यावर वळला तरी तंतूही त्याच्याबरोबर वळलेले असतात. पातळ भिंतीच्या बंद छेदासाठी ब्रेड्टचे १८९६ चे सूत्र पुरेसे आहे: भिंतीच्या मध्यरेषेने वेढलेल्या क्षेत्रफळाचा वर्ग, त्याची चौपट, गुणिले भिंतीची जाडी, भागिले मध्यरेषेचा परीघ, आणि शेवटी गुणिले मॉड्युलस. ५० × १२ मिमीची, २ मिमी भिंतीची पेटी घेतली तर ताठपणा ५५५ येतो. म्हणजे १२ मिमीच्या भरीव दांड्याच्या जवळपास, चाळीस टक्क्यांपेक्षा कमी कार्बनमध्ये. हा आकडा बैठकीत मांडल्यावर काही क्षण कोणाचा विश्वास बसला नाही, कारण धातूच्या बाबतीत आतला माल काढून टाकल्याने ताठपणा घटतो. इथेही घटतो, पण भरीव लॅमिनेटमध्ये कडाच मुळात इतक्या दुबळ्या असतात की भिंत वळवल्याचा फायदा आतला माल काढल्याचा तोटा जवळपास भरून काढतो.

पोकळ छेदाच्या अडचणी खऱ्या होत्या. आत गाभा लागतो. टोकांना बोल्ट आवळले की पातळ भिंत चेपते. आणि तयार पडलेल्या भरीव दांड्यांचे काय करायचे, हा प्रश्न हिशेबखात्याकडून आला, तोही वाजवीच होता.

त्या प्रश्नातूनच चौथा पर्याय निघाला. तयार दांड्यावरच कार्बनची विणलेली नळी, म्हणजे ब्रेडेड स्लीव्ह, चढवायची. एक मिमी जाडीची. विणीत तंतू वरखाली होतात म्हणून ३५ ऐवजी २८ गिगापास्कल धरले. नळीचा स्वतःचा बंद छेद २८४ देतो, आतला दांडा ३६९. दोन्ही वेगवेगळे पिळले गेले असे धरून नुसती बेरीज केली तरी ६५० च्या वर. खरा ताठपणा त्याहून कमी असू शकत नाही, कारण चिकटवलेले दोन भाग सुट्या भागांपेक्षा मऊ होत नाहीत. वजनात भर पंचवीस टक्के.

इथे एक तुलना लक्ष वेधून घेते. वरखाली एकेक मिमी सपाट थर वाढवले तर ५७१. साधारण तेवढाच माल कडेवरून वळवला तर ६५०, तोही विणलेला, म्हणजे कमी मॉड्युलसचा.

काय केले

निर्णय दोन भागांत झाला. हातात असलेल्या दांड्यांवर स्लीव्ह चढवायची, आणि पुढच्या सगळ्या दांड्यांसाठी फोमच्या गाभ्यावर विणलेली भिंत असलेली नवी रचना करायची. काही जणांना ही दुहेरी मेहनत वाटली. मला ती योग्य वाटते. स्लीव्हच्या कामातून विणकामाचा अनुभव कमी जोखमीत मिळाला, आणि यंत्र बंद पडून राहिले नाही.

स्लीव्ह चढवण्यापूर्वी दांड्याच्या चारही धारा गोल केल्या. तीक्ष्ण कोपऱ्यावर तंतू ताणले की तुटतात, आणि रेझिन तिथून निघून गेल्याने भिंत कोरडी राहते. पृष्ठभाग घासून, पुसून मगच चिकटवले. पहिल्या नमुन्यात नळी ओढताना विणीचा कोन ४५ वरून ४० अंशांवर गेला. एरवी यावर गदारोळ झाला असता, पण माथ्यावरचा सपाट आलेख आता सगळ्यांच्या ओळखीचा होता. तीन टक्क्यांच्या आतली घट मान्य करून काम पुढे नेले.

नव्या रचनेत बाहेरचे माप ५० × १४ मिमी, भिंत २ मिमी, आत हलका बंदपेशी फोम. २८ गिगापास्कलने हिशेब ६१९. भिंतीचा कार्बन छेद २४० चौरस मिमी, जुन्या भरीव दांड्याच्या निम्म्याहून कमी. टोकांना फोम काढून ॲल्युमिनियमचे तुकडे चिकटवले, म्हणजे बोल्टचा दाब त्यांच्यावर जाईल. कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट भिडले की ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजते, म्हणून मध्ये काचतंतूचा पातळ थर ठेवला.

या वेळी तुकडी सोडण्याआधी एक छोटा नमुना पिळून पाहणे सक्तीचे केले. कोन जबड्यांवर नव्हे, दांड्यावर मोजायचा.

परिणाम

स्लीव्ह चढवलेल्या दांड्यांचा ताठपणा ६४० च्या आसपास आला. हिशेबाच्या खालच्या मर्यादेपेक्षा किंचित कमी, त्याचे कारण गोल केलेल्या धारा. यंत्राची पिळाची वारंवारता मोटरपासून सुरक्षित अंतरावर गेली. फोमच्या गाभ्याचे दांडे ५९० ते ६१० मध्ये आले.

तुटेपर्यंतच्या चाचणीत स्लीव्हच्या दांड्यावरची भेग कडेला सुरू झाली नाही. ती टोकाला, जबड्यापाशी सुरू झाली. कमजोर जागा नाहीशी झाली नव्हती, ती जोडाकडे सरकली होती. फोमच्या दांड्यात तर ॲल्युमिनियमच्या तुकड्याभोवतीचा चिकटीचा थरच आधी सुटला, आणि तो पिळाच्या वारंवार उलटसुलट भाराखाली किती टिकतो याची चाचणी नंतर वेगळी लावावी लागली.

वेगळे काय करता आले असते

लॅमिनेट सिद्धांत वापरणे चुकीचे नव्हते. रुंद, पातळ पट्ट्यांसाठी तो उत्तम आहे. चूक त्याच्या मर्यादेबाहेर जाण्यात होती, आणि ती मर्यादा एका ओळीत तपासता येते. रुंदी भागिले जाडी, गुणिले दोन शिअर मॉड्युलसच्या गुणोत्तराचे वर्गमूळ. उत्तर दहाच्या वर असेल तर कडांमुळे सहा-सात टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडत नाही. पाचच्या खाली असेल तर पातळ पट्टीचे सूत्र सोडून द्यावे. इथे ते १.७ होते. हा हिशेब पहिल्या दिवशी केला असता तर भरीव ±४५ दांड्याचा प्रस्ताव बैठकीपर्यंत पोचलाच नसता.

तंतूंची दिशा ठरवतानाही एक प्रश्न विचारता आला असता. सगळे ±४५ केल्याने प्रतलातला मॉड्युलस वाढला, पण जाडीतला वाढला नाही, त्यामुळे दोघांतली दरी रुंदावली. सगळे तंतू लांबीच्या दिशेने ठेवले असते तर दोन्ही मॉड्युलस ५ च्या आसपास राहिले असते, कडांची घट धातूइतकीच असती, आणि ताठपणा अर्थातच फार कमी, म्हणजे ७३. भरीव छेदात जितका मॉड्युलस वाढवाल तितका त्याचा हिस्सा कडा खातात. इथे मॉड्युलस सातपट झाला आणि ताठपणा पाचपट.

माहितीपत्रकात जाडीतला शिअर मॉड्युलस नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. तो मिळवायला महागडी चाचणी लागत नाही. एकाच फळीतून निदान दोन वेगळ्या रुंदीच्या पट्ट्या कापून पिळल्या, दर मिलिमीटर रुंदीमागचा ताठपणा रुंदीच्या व्यस्ताशी मांडला, की रेषेच्या उंचीतून प्रतलातला मॉड्युलस आणि उतारातून जाडीतला असे दोन्ही मिळतात. फक्त पट्ट्या फार अरुंद नकोत, नाहीतर रेषा वाकते. या प्रकरणात २५ मिमीच्या पट्टीने कारण ओळखायला सर्वाधिक मदत केली, पण रेषा काढताना ती बाजूला ठेवावी लागली.

शोधाचा क्रमही उलटा झाला. नमुना कापणे, पॉलिश करणे, सूक्ष्मदर्शक, हे सगळे आधी झाले. वाकवून पीळ बघण्याची चाचणी, जिला एक पकड आणि एक वजन पुरते, ती नंतर. रुंदीची चाचणी सगळ्यात शेवटी. ती पहिल्यांदा केली असती तर कार्यशाळेवर संशय घेण्याची वेळच आली नसती, आणि थर लावणाऱ्यांशी बिघडलेले संबंध दुरुस्त करायला जे दिवस गेले तेही वाचले असते.